तोसाला नातवंडं हवीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सिमला, मनाली किंवा गुलमर्गची सहल करून आलेली मंडळी फोटो दाखवतात तेव्हा त्यांच्या मागे एक गर्द हिरवी भिंत हमखास दिसते. ही झाडं कुठली, असं विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. 'पाईन' किंवा 'देवदार'. यात त्यांचा दोष नाही. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत सूचिपर्णी झाडं मुळात उगवतच नाहीत, तर ओळख होणार कशी? सुईसारख्या पानांचं, सरळसोट वाढलेलं जे दिसेल ते देवदार, अशी आपली समजूत. पूर्वी माल ज्या पांढरट, हलक्या फळ्यांच्या खोक्यांतून यायचा त्यांनाही आपण सरसकट 'देवदारी खोकी' म्हणत आलो. आज मी ज्या झाडाविषयी बोलणार आहे ते या दोन नावांच्या मागे बिचारं कायम झाकलं गेलं आहे. हिमाचलात त्याला 'तोस' म्हणतात, कुमाऊंत 'रागा'. इंग्रजीतल्या फर वृक्षांपैकी हा एक. युरोपात नाताळसाठी जी झाडं सजवतात त्यातल्या काहींचा हा चुलतभाऊच. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव अ‍ॅबीज पिंड्रो. यातलं 'पिंड्रो' हे पहाडी बोलीतून आलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेले जॉन फोर्ब्स रॉयल यांचं नाव या झाडाच्या शास्त्रीय नावाला जोडलेलं आहे.

मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक. विद्यार्थ्यांना घेऊन नारकंड्याच्या परिसरात माझं बऱ्याचदा जाणं झालं. या भागात डोंगर चढणं म्हणजे एखाद्या इमारतीचे मजले चढण्यासारखं आहे. खालच्या मजल्यावर चीड. त्याच्यावर बान ओक आणि देवदार. मग कैल. साधारण २४०० मीटरच्या वर गेलं की रई आणि तोस यांचं राज्य सुरू होतं. त्यांच्या सोबतीला खरसू ओक असतो. आणखी वर भोजपत्र आणि बुटके ऱ्होडोडेंड्रॉन, आणि मग झाडं संपून गवताळ कुरणं लागतात. अफगाणिस्तानच्या ईशान्य भागापासून पाकिस्तान, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि तिथून नेपाळपर्यंत तोसाचा पट्टा पसरला आहे.

आता रई आणि तोस ओळखायचे कसे? रई म्हणजे स्प्रूस. दुरून दोघं जुळे भाऊ वाटतात. पण फांदी हातात घेतली की फरक कळतो. रईचं पान चौकोनी कडांचं आणि टोचणारं. तोसाचं पान चपटं, वरून चकचकीत गडद हिरवं, आणि उलटं केलं की पाठीवर दोन फिकट पांढुरके पट्टे. फरच्या जगभरातल्या जातींमध्ये इतकी लांब पानं फार थोड्यांची आहेत. ती चार ते नऊ सेंटिमीटर भरतात. दुसरी खूण शंकूंची. रईचे शंकू फांदीवरून खाली लोंबतात आणि पिकले की अख्खे गळून पडतात. तोसाचे शंकू समईतल्या वातीसारखे फांदीवर ताठ उभे असतात, कोवळेपणी जांभळे. ते कधीच अख्खे पडत नाहीत. शरद ऋतूत झाडावरच त्यांचे खवले सुटतात, पंख असलेलं बी वाऱ्यावर जातं आणि फांदीवर नुसती काडी उरते. त्यामुळे तोसाचा शंकू घरी न्यायला शोधणारे पर्यटक बहुधा रईचाच घेऊन येतात!

पूर्ण वाढलेला तोस ४० ते ६० मीटर उंच होतो. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर बारा ते अठरा मजली इमारत. बुंध्याचा व्यास दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. फांद्या आडव्या, आखूड आणि किंचित उतरत्या, त्यामुळे झाड खांबासारखं दिसतं. हे सौंदर्यासाठी नाही, बर्फासाठी आहे. फांदी लांब पसरली तर बर्फाच्या भाराने मोडेल. आखूड, लवचीक फांदी वाकते आणि बर्फ खाली सरकवून देते.

एवढं मोठं झाड, पण बराच काळ त्याच्याकडे कुऱ्हाडीचं फारसं लक्ष गेलं नव्हतं. याचं कारण त्याच्या लाकडात आहे. देवदाराच्या लाकडात सुगंधी तेल असतं, ते पावसापाण्यात टिकतं, त्याला वाळवी सहसा लागत नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे रूळ पसरू लागले तेव्हा स्लीपरांसाठी देवदाराची जंगलं तुटली आणि ओंडके नद्यांतून खाली सोडले गेले. तोसाचं लाकूड पांढरं, हलकं, जवळजवळ बिनवासाचं. उघड्यावर ते लवकर कुजतं. त्यातच तो उंचावर, रस्ते नसलेल्या उतारांवर वाढणारा. आधी तो वाचला तो या दुबळेपणामुळे. पुढे औषध मुरवून त्याचेही स्लीपर झाले, पण खरी ओढ लागली ती वेगळ्याच कारणाने. सफरचंदामुळे.

सिमल्याच्या वर, कोटगढ भागात सॅम्युअल स्टोक्स या मूळच्या अमेरिकी गृहस्थांनी १९१६ मध्ये सफरचंदाच्या सुधारित जातीची लागवड सुरू केली. देश स्वतंत्र झाल्यावर रस्ते झाले आणि बागा डोंगरभर पसरल्या. फळ पिकतं डोंगरात, विकलं जातं दिल्ली, मुंबई, कोलकात्यात. मग ते न्यायचं कशात? खोकं असं हवं की ते हलकं असेल, त्याच्या पातळ फळ्या सरळ निघतील, खिळा मारल्यावर त्या फाटणार नाहीत आणि लाकडाचा वास फळाला लागणार नाही. तोस आणि रई या अटींमध्ये चपखल बसले. ज्या बिनवासाच्या, पांढऱ्या लाकडामुळे तोस वाचला होता, त्याच लाकडामुळे आता तो कापला जाऊ लागला. शंभर-दीडशे वर्षं उभं राहिलेलं झाड पडायचं आणि त्याची खोकी एका मोसमात मुंबईच्या मंडईत रिकामी होऊन बंबात जळून जायची. आपल्याकडे ज्यांना ती 'देवदारी' खोकी आठवतात, त्यांच्या घरातल्या पाणी तापवायच्या बंबात देवदार नव्हे, बऱ्याचदा तोस जळला आहे.

हे फार काळ चालणार नाही हे हिमाचलात लवकरच ध्यानात आलं. १९८०च्या दशकात खोक्यांसाठी जंगलातलं लाकूड देणं थांबवण्याची पावलं पडली आणि पुठ्ठ्याचे कार्टन आले. १९८६ मध्ये राज्याने हिरवी झाडं तोडण्यावर बंदी घातली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात देशभरातल्या वृक्षतोडीला लगाम घातला. काश्मीरमध्ये सफरचंदाच्या पेट्यांसाठी शेताच्या बांधावर लावलेला पॉपलर वापरात आला. २०२४च्या हंगामापासून तर हिमाचलात ठरावीक मापाचा 'युनिव्हर्सल कार्टन' सक्तीचा झाला. पुठ्ठ्याच्या या खोक्यालाही बागवान आणि वाशीचे व्यापारी 'पेटी'च म्हणतात. लाकूड गेलं, शब्द राहिला.

लाकडाखेरीज तोसाचं आणखी एक नातं आपल्या घराशी आहे, आणि ते औषधाच्या डबीतलं आहे. खोकल्यावर आजी मधातून चाटवायची ते तालीसादी चूर्ण आठवतं? शार्ङ्गधर संहितेत त्याचं प्रमाण दिलं आहे. तालीसपत्र एक भाग, मिरी दोन, सुंठ तीन, पिंपळी चार, वंशलोचन पाच, वेलची आणि दालचिनी अर्धा-अर्धा भाग, आणि साखर बत्तीस भाग. यातलं तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फरची वाळलेली पानं. भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशात त्यासाठी तोसाचा आणखी उंचावर राहणारा भाऊ, अ‍ॅबीज वेबियाना, मान्य केला आहे. त्याला आता अ‍ॅबीज स्पेक्टाबिलिस म्हणतात. बाजारात तोसाची पानंही याच नावाने येतात.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. काही भागांत तालीसपत्र म्हणून थुनेर या झाडाची पानं वापरली गेली आहेत. थुनेर म्हणजे हिमालयातला यू वृक्ष. त्याची पानंही चपटी आणि सुईसारखी, पण त्यात हृदयावर घातक परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. गंमत अशी की याच यू वर्गातल्या अमेरिकी झाडाच्या सालीत कर्करोगावरचं 'टॅक्सॉल' सापडलं. मन्‍रो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी त्याची रासायनिक रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. पण म्हणून यूची पानं घरी कुटून खायची नसतात. औषधाचं रसायन शुद्ध करून, मोजून दिलं जातं. चिमटीने घेतलेल्या पानात ते मोजमाप नसतं. तेव्हा तालीसपत्र सुटं घेऊन घरी चूर्ण करण्यापेक्षा जाणत्या वैद्यांच्या सल्ल्याने खात्रीचं तयार चूर्ण घेतलेलं बरं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. खोकी थांबली, तोडीवर बंदी आली. मग तोस वाचला असं म्हणायचं का? जगभरातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या यादीत तोस 'कमी चिंते'च्या रकान्यात आहे. नारकंड्याहून हाटू शिखराकडे चालत गेलात तर तुम्हालाही तसंच वाटेल. दोन्ही बाजूंना उंचच उंच खांब. मान वर करून बघता बघता टोपी पडते. पण मी विद्यार्थ्यांना तिथे मान खाली घालायला सांगतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा चौकोन दोरीने आखायचा आणि त्यात तोसाची रोपं शोधायची. बोटभर, वीतभर, गुडघाभर, कमरेएवढी. काही चौकोनांत ती सापडतात. पण अनेक चौकोनांत प्रचंड बुंधे आहेत, गुडघाभर तण आहे आणि रोप मात्र एकही नाही. आमच्याबरोबर असलेला वनरक्षक एकदा म्हणाला, "मास्टरजी, या घरात आजोबा पुष्कळ आहेत. नातवंडं दिसत नाहीत."

हे केवळ एका वनरक्षकाचं म्हणणं नाही. सिमल्याला आज जी हिमालयन वन संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात १९७७ मध्ये झाली ती एका प्रश्नासाठी म्हणून. उंचावरच्या सूचिपर्णी झाडांची, म्हणजे मुख्यतः तोस आणि रई यांची, नवी पिढी का उभी राहत नाही? ज्या झाडाने लाखो वर्षं स्वतःची सोय स्वतः पाहिली, त्याच्या बाळंतपणासाठी संस्था काढावी लागली, यातच प्रश्नाचं गांभीर्य आलं.

तोसाच्या एका बियाचा प्रवास पाहिला तर अडचण कुठे आहे ते समजतं. पहिली गोष्ट, तोसाला दरवर्षी भरघोस बी धरत नाही. चांगलं वर्ष काही वर्षांच्या अंतराने येतं, आणि आलेल्या बियांतही पोकळ बियांचं प्रमाण बरंच असतं. शरदात उडालेलं बी बर्फाखाली हिवाळा काढतं. ही थंडी त्याला हवीच असते, तिच्यामुळेच ते उगवायला तयार होतं. वसंतात बर्फ वितळलं की ओलाव्यावर अंकुर फुटतो. इथवर ठीक. पण खाली आहे काय? जुन्या तोसवनात वर्षानुवर्षं पडलेल्या पानांचा जाड थर असतो. थंडीमुळे तो लवकर कुजत नाही. हा थर स्पंजासारखा असतो, बर्फाचं पाणी असेपर्यंत ओला आणि मे-जूनच्या उन्हात कोरडा खडखडीत. अंकुराचं नाजूक मूळ त्यातून खालच्या मातीपर्यंत पोहोचायच्या आत वरचा थर सुकतो आणि रोप मरतं. जे वाचतं त्याच्यावर पावसाळ्यात तण चढतं, आणि हिवाळ्यात ते तण बर्फासकट त्याच्या अंगावर आडवं होतं.

यातूनही जे तगतं त्याची चिकाटी मात्र विलक्षण असते. तोसाचं रोप सावली सोसतं. मोठ्या झाडांखाली, अपुऱ्या उजेडात ते वर्षानुवर्षं जेमतेम वाढत थांबून राहतं. गुडघ्याएवढं दिसणारं रोप पंधरा-वीस वर्षांचं असू शकतं. मग एखाद्या वादळात शेजारचा म्हातारा वृक्ष कोसळतो, वरून उजेडाचा झोत येतो आणि इतकी वर्षं दबून बसलेलं ते रोप उभारी धरतं. म्हणजे जंगलाचं भविष्य या ताटकळत उभ्या असलेल्या लहानग्यांवर अवलंबून आहे. तीच नसतील तर म्हातारा पडल्यावर त्या जागी तण आणि झुडपं येतात, तोस येत नाही.

आता यात माणसाचा वाटा किती? उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ कळप घेऊन वरच्या कुरणांकडे जातात, गुज्जर म्हशी घेऊन येतात. वाटेत थांबलेल्या कळपाच्या खुराखाली आणि दाताखाली रोपं जातात. पण सगळा ठपका त्यांच्यावर ठेवणं मला पटत नाही. हे कळप वनखात्याच्या पुष्कळ आधीपासून या वाटांनी येत-जात आहेत. पूर्वी त्यांना थांबायला जागा अधिक होत्या. आज बागा, रस्ते, हॉटेलं वाढली आणि उरलेल्या जंगलावरचा भार वाढला. गावकरी गोठ्यात अंथरायला तोसाच्या फांद्या छाटतात, पुढे त्याचंच खत होतं. हीही त्यांची जुनी गरज आहे.

आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. हिरवं झाड तोडायला बंदी असली तरी सुकलेली आणि पडलेली झाडं जंगलाबाहेर काढली जातात. वरवर पाहता ते योग्यच वाटतं. पडलेलं लाकूड कुजत कशाला ठेवायचं? पण मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे की तोसाची रोपं नेमकी कुजणाऱ्या ओंडक्याच्या पाठीवर रांगेने उगवलेली असतात. कुजलेलं लाकूड ओलावा धरून ठेवतं, आणि रोप तणाच्या वर राहतं. आजोबा पडल्यावरही नातवंडांना पाठीवर घेतात, असं म्हणा ना. ते ओंडके सगळेच उचलले तर आपण पाळणाच उचलून नेला. पोकळ, वाळक्या खोडांत सुतारपक्षी आणि घुबडं घरं करतात ते वेगळंच. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा, म्हणजे पश्चिमी ट्रॅगोपॅन, अशाच दाट, ओल्या, झुडपांनी भरलेल्या जंगलात राहतो. ज्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिथे तोसाची जंगलं आहेत आणि जुजुराणाही आहे. एक टिकला तर दुसरा टिकतो.

आता या सगळ्यावर हवामानबदलाची छाया आहे. तोसाचं वेळापत्रक बर्फावर बेतलेलं आहे. हिवाळ्यात पांघरूण, वसंतात पाणी. बर्फ कमी पडलं किंवा लवकर वितळलं, तर अंकुराला मिळणारे ओलाव्याचे दिवस घटतात. उष्णता वाढली की झाडांची जात हळूहळू वर सरकते, पण डोंगराला शेवटी माथा असतो. माथ्याच्या वर कुठे जाणार? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम हिमालयातल्या सूचिपर्णी झाडांची वार्षिक वलयं वाचून जुन्या हवामानाचा मागोवा घेतला आहे. झाड न तोडता, पेन्सिलीएवढा बारीक नमुना गिरमिटाने काढून हे वाचन करता येतं. थर्मामीटर नव्हते तेव्हाच्या काळाची ही रोजनिशी आहे. म्हातारी झाडं आपल्याला मागचं सांगतात. पुढचं लिहायला मात्र तरुण झाडं लागतील.

मग करायचं काय? उपाय माहीत आहेत, आणि ते फारसे महागही नाहीत. चांगल्या बियांच्या वर्षी काही जागा निवडून पालापाचोळ्याचा थर बाजूला करायचा, म्हणजे बी थेट मातीला भिडतं. त्या जागांना काही वर्षं कुंपण घालायचं, आणि त्या कळपांच्या मंडळींना विचारून घालायचं, म्हणजे ते टिकतं. पडलेल्या ओंडक्यांपैकी काही तिथेच ठेवायचे. रोपवाटिकेत वाढवलेली रोपं लावायची. पण इथेच खरी मेख आहे. तोसाचं रोप लावण्याजोगं व्हायला कित्येक वर्षं जातात. सरकारी योजनेची मुदत पाच वर्षांची, अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांत. वर्षाअखेरीस किती रोपं लावली याचा आकडा लागतो, म्हणून झटपट वाढणारं झाड लावण्याकडे ओढा राहतो. तोसाच्या हिशेबात पाच वर्षं म्हणजे वीतभर उंचीसुद्धा नाही. बंदीने कुऱ्हाड थांबते, पण रोप उगवत नाही. त्यासाठी कुणीतरी वीस-तीस वर्षं एकाच उतारावर लक्ष ठेवावं लागतं. पैशापेक्षा हीच गोष्ट मिळणं अवघड आहे.

श्रोतेहो, पुढच्या खेपेला हिमालयात जाल तेव्हा उंच झाडाखाली फोटो जरूर काढा. पान उलटं करून पांढरे पट्टे आहेत का तेही पाहा, म्हणजे तोस आहे की रई ते कळेल. पण त्यानंतर दोन मिनिटं पायाखाली बघा. कोवळ्या चपट्या पानांचं एखादं बोटभर रोप दिसलं तर पाय जपून टाका, आणि मुलांनाही दाखवा. तुमच्या मुलांची मुलं जेव्हा तिथे येतील, तेव्हाही ते कदाचित त्यांच्या डोक्याच्या थोडंसंच वर गेलेलं असेल.